पाहुण्याचे देणे

अतिथीला देव मानावे, असे आपली भूमी सांगत आली आहे. दारी आलेल्याला तांब्याभर पाणी दिल्यावाचून पाठवू नये, तो उपाशी असेल तर घरातला घास त्याच्या ताटात वाढावा, हे बाळकडू आपल्याला घरोघरी मिळाले. उत्पत्तीच्या पुस्तकातील अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दारात बसला असता तीन अनोळखी वाटसरू पाहून त्यांच्या स्वागतासाठी धावतो, ही कथा आपली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकतात. ह्या साऱ्या संस्कारात एक बाजू मात्र उणी राहिली आहे. यजमानाने कसे वागावे ह्याविषयी आपल्याजवळ म्हणी, कथा आणि प्रवचने भरपूर आहेत. पाहुण्याने कसे वागावे ह्याविषयी फारच थोडे. त्या तीन वाटसरूंचे झाडाखालचे जेवण आटोपल्यावर भांडी कोणी उचलली, हे कोणी विचारीत नाही.

पूर्वी ते विचारण्याची निकडही नव्हती. पाहुणा क्वचित येई, बहुधा ओळखीचा असे, आणि आज आपण त्याच्याकडे तर उद्या तो आपल्याकडे, अशी देवाणघेवाण चाले. आजचा पाहुणा निराळा आहे. तो पैसे मोजून पाहुणा होतो. नाताळच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत चार कुटुंबे मिळून गाडी ठरवितात, समुद्रकाठच्या एखाद्या गावी खोल्या घेतात, दोन दिवस लाटांत डुंबतात, रात्री मासळीच्या ताटावर बसतात आणि हिशेब चुकता करून परततात. आमच्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबे अशी जातात, आणि जाण्यापूर्वी किंवा जाऊन आल्यावर कोणी ना कोणी मला विचारते, “फादर, मौजेवर एवढा खर्च करणे बरोबर आहे का हो?” प्रश्न प्रामाणिक आहे, परंतु खरी अडचण त्याच्या पलीकडे आहे, असे मला वाटते. मौज करावी की नाही, ह्याचे उत्तर फारसे अवघड नाही. अवघड आहे तो दुसरा प्रश्न: पैसे दिले म्हणजे पाहुण्याचे देणे फिटले का?

स्वतःच्या अंगणाविषयी विचार करताना मनुष्य लवकर चिडतो, किंवा मग लवकर स्वतःला क्षमा करून मोकळा होतो. म्हणून हा प्रश्न प्रथम एका दूरच्या गावी नेऊन पाहू.

पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर, लिस्बनच्या उत्तरेस सुमारे १२० किलोमीटरांवर, नाझारे नावाचे गाव आहे. फातिमाच्या यात्रेला गेलेल्या आपल्याकडील पुष्कळांनी ते पाहिले असेल. फातिमापासून ते तासाभराच्या अंतरावर आहे आणि यात्रेकरूंच्या बसगाड्या दुपारच्या जेवणासाठी तेथे थांबतात. गावाचे नाव नासरेथवरून पडले. पवित्र मारिया बाळ येशूला स्तनपान करीत आहे, अशी एक लहानशी काळवंडलेली लाकडी मूर्ती नासरेथहून स्पेनमार्गे येथे आली, अशी परंपरा आहे. ११८२ साली दोम फुआस रोपिन्यो नावाचा सरदार धुक्यात हरणाचा पाठलाग करीत असता त्याचा घोडा कड्याच्या अगदी टोकाशी आला. त्याने मारियेचा धावा केला आणि घोडा जागीच थबकला, अशी तेथील आख्यायिका. त्या टोकावर एक चिमुकले प्रार्थनामंदिर आहे आणि जवळच ह्या मातेचे मोठे देवालय. गाव दोन पातळ्यांवर वसले आहे. वर कड्यावर सीतियो नावाची वस्ती. खाली पुळणीला लागून बाजार, खाणावळी आणि अरुंद गल्ल्या. दोहोंना जोडणारी, कड्यावरून रुळांवर चढणारी गाडी १८८९ साली सुरू झाली. वरून पाहिले तर खालची पुळण चंद्रकोरीसारखी दिसते आणि तिच्यावर उन्हाळ्यात रंगीबेरंगी कापडी आडोशांच्या रांगा लागलेल्या असतात.

२०१७ मध्ये, फातिमाच्या दर्शनांच्या शताब्दीच्या वर्षी, आमच्या गटाने तेथे दुपारचे जेवण घेतले. खाणावळीच्या बाहेर कोळशाच्या शेगडीवर तारले भाजत होते. त्यांचा वास आणि धूर ह्यांनी आमची मंडळी प्रवासाचा शीण विसरली. तेथे भाजलेले तारले पावाच्या तुकड्यावर ठेवून खातात, म्हणजे माशाचे तेल पावात उतरते आणि शेवटी तो पाव खाण्यातच खरी मजा. दुसरा पदार्थ काल्देइरादा. हे मूळचे मच्छीमारांचे कालवण. पातेल्यात कांदा, टोमॅटो, बटाटा आणि चार-पाच जातींच्या माशांचे तुकडे थरावर थर रचतात, वरून ऑलिव्हचे तेल आणि थोडा द्राक्षारस घालतात, आणि पळी न लावता मंद आचेवर शिजवितात. लागलेच तर पातेले हलवायचे, मासा मोडायचा नाही. पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द त्यांनीच आपल्याला दिलेले असल्यामुळे निदान तेवढ्यापुरती आमच्या बायकांची आणि वाढणाऱ्या मुलीची भाषा जुळली.

आमच्यात एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना हा सारा थाट रुचेना. आपण यात्रेला आलो आहोत की सहलीला, असे ते दोनदा म्हणाले. कित्येक श्रद्धाळू कुटुंबांत हा सूर ऐकू येतो, म्हणून त्याचा निकाल आधी लावलेला बरा. संत थॉमस अक्वायनस ह्यांना कोणी चैनीचे पुरस्कर्ते म्हणणार नाही. त्यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात खेळाविषयी तीन प्रश्न चर्चिले आहेत. खेळण्यात सद्गुण असू शकतो काय, अतिरेकात पाप आहे काय आणि अभावात पाप आहे काय, हे ते प्रश्न. तिन्हींचे उत्तर ते ‘होय’ असे देतात. पहिल्या प्रश्नाच्या संदर्भात त्यांनी वाळवंटातील धर्मपित्यांच्या संवादांतून संत योहानाची एक गोष्ट घेतली आहे. प्रेषित योहान शिष्यांसमवेत खेळीमेळीत रमलेला पाहून काहींना ते खटकले. तेव्हा योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धराला बाण सोडावयास सांगितले. त्याने पुष्कळ बाण सोडल्यावर योहानाने विचारले, असे अखंड करता येईल काय? धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच, असे योहानाने त्यांना समजाविले. तिसरे उत्तर तर आमच्या गृहस्थांसाठीच लिहिलेले वाटावे. जो स्वतः हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यावर विरजण घालतो, तो इतरांना भार होतो, आणि त्यात दोष आहे, असे संत थॉमस म्हणतात. प्रभू येशू काना गावच्या लग्नाला गेले होते, त्यांच्या खाण्यापिण्यावर विरोधकांनी टीका केली होती, आणि पुनरुत्थानानंतर गालीलच्या किनाऱ्यावर त्यांनी स्वतः निखाऱ्यांवर मासे भाजून शिष्यांना न्याहारीस बोलाविले होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. तेव्हा समुद्रकाठी भाजलेला मासा खाण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

परंतु गालीलच्या त्या किनाऱ्यावर यजमान आणि आचारी एकच होता, आणि बिल नव्हते.

नाझारेच्या जेवणात बिल आले तेव्हा एक गंमत झाली. तेथील पद्धत अशी, की तुम्ही बसताच पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज असे न मागता पुढे ठेवले जाते. आपल्या मंडळींना वाटले, काय हे आतिथ्य! सर्वांनी ताव मारला. नंतर बिलात त्याची स्वतंत्र ओळ निघाली. आमच्या गटातील एक आजी अगदी हिरमुसल्या. “फादर, पुढ्यात ठेवलेल्या पावाचेही पैसे घेतात का हो?” असे त्यांनी मला विचारले. खरे पाहता ह्यात फसवणूक काहीच नव्हती. असे पदार्थ ग्राहकाने मागितले नसतील किंवा त्यांना हात लावला नसेल तर त्यांचे पैसे घेता येत नाहीत, असा २०१५ पासून तेथील कायदा आहे. नको असेल तर परत पाठवावे. पण आजींच्या हिरमुसण्यात एक खोल गोष्ट होती. त्यांना तो पाव भेट वाटला होता, आणि तो सौदा निघाला. पुढ्यात आलेल्या अन्नापैकी भेट कोणती आणि सौदा कोणता?

आजींनी हा प्रश्न एका बाजूने विचारला. मला तो दुसऱ्या बाजूनेही विचारावासा वाटतो. ज्याला आपण सौदा समजलो त्यात काही भेट दडलेली असते काय? बिलात मासा होता, कोळसा होता, जागेचे भाडे आणि वाढणाऱ्या मुलीचे वेतन होते. मासा पकडणाऱ्याच्या रात्रीचे काय? कोणी म्हणेल, तीही माशाच्या भावात आलीच. इतके सरळ ते नाही. पोर्तुगालच्या बंदरांवर मासळीचा लिलाव वरून खाली उतरतो. आकडा घसरत जातो आणि जो व्यापारी प्रथम थांबवितो त्याला माल मिळतो. होडीवरून आलेला मनुष्य आपली भीती आणि आपली जाग ह्यांची किंमत त्या आकड्यात घालू शकत नाही. तो फक्त आकडा उतरताना पाहतो.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका ह्याने उपकारांविषयीच्या आपल्या ग्रंथात एक विलक्षण प्रश्न उपस्थित केला आहे: दास आपल्या धन्यावर उपकार करू शकतो काय? त्या काळी बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच असणार, कारण दासाचे सारे श्रम धन्याच्याच मालकीचे मानले जात. सेनेका म्हणतो, करू शकतो. जे काम त्याच्यावर बंधनकारक आहे त्यापलीकडे तो जे मनापासून करतो, तो उपकार होय. संत थॉमस हाच विचार कृतज्ञतेच्या चर्चेत उचलून धरतात आणि दोन प्रकारच्या देण्यांत भेद करतात. एक कायद्याचे देणे. ते ठरलेली रक्कम दिली की संपते. दुसरे कृतज्ञतेचे देणे. त्याची रक्कम कोणीच ठरविलेली नसते, म्हणून ते न्यायालयात मागता येत नाही आणि पैशाने संपविताही येत नाही. पुढे १७८५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांट ह्यानेही किंमत आणि प्रतिष्ठा ह्यांत असाच भेद केला. ज्याला किंमत आहे त्याच्या जागी तेवढ्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते. प्रतिष्ठेच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही.

वाढणाऱ्या मुलीने आमच्यातील एका बाईंना काटे निवडता येत नाहीत हे पाहून न सांगता त्यांचा मासा स्वतः सोलून दिला. हे बिलात नव्हते. ‘त्यासाठीच तिला पगार मिळतो,’ असे म्हणणारा मनुष्य कायद्याने बरोबर असतो. तथापि त्याच्या हातून एक भेट अनोळखी राहिली. बक्षिशी द्यावी की नाही, किती द्यावी, ह्या चर्चेत मला रस नाही. ज्या त्या देशाची रीत पाहावी. अनेकदा बक्षिशी हाही कृतज्ञतेपासून सुटका करून घेण्याचा मार्ग असतो.

आता पुळणीकडे वळू. नाझारेच्या स्त्रियांचा पेहराव प्रसिद्ध आहे. एकावर एक सात घागरे, वर कशिदा काढलेला एप्रन, डोक्यावर रुमाल. सातच का, ह्याची कारणे अनेक सांगतात. त्यांपैकी एक असे, की होड्या परत येण्याची वाट पाहत थंड वाळूवर तासन्‌तास बसावे लागे, तेव्हा काही घागरे अंगाखाली आणि काही डोक्याखांद्यांवर ओढून घ्यावयाचे. विधवा काळ्या वस्त्रांत असत, आणि अशा स्त्रिया गावात थोड्या नव्हत्या. कारण नाझारेला नैसर्गिक बंदर नव्हते. होड्या थेट पुळणीवरून फुटत्या लाटांत लोटाव्या लागत आणि परतताना बैलांच्या जोड्या लावून वाळूवर ओढाव्या लागत. कित्येक होड्या घरातल्यांच्या डोळ्यांदेखत, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उलटल्या. बाहेरच्या जगाला मात्र हे सारे फार सुंदर दिसले. १९४८ साली एका अमेरिकन पाक्षिकासाठी पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून गाजलेला स्टॅन्ले कुब्रिक तेथे छायाचित्रे काढावयास गेला होता, आणि त्याच्या आधी व नंतर किती चित्रकार, किती छायाचित्रकार गेले ह्याची गणती नाही.

१९८० च्या दशकात गावाच्या दक्षिणेस बंदर बांधले गेले. पुळणीवरील मरणे कमी झाली. आणि पुळण ‘पूर्वीसारखी राहिली नाही’ म्हणून हळहळणारे प्रवासी आजही भेटतात! बैल गेले, रंगीत होड्या गेल्या. आता काही जुन्या होड्या पाहुण्यांना दाखविण्यासाठी वाळूवर मांडून ठेवल्या आहेत. ह्या हळहळीबद्दल मला स्पष्ट बोलावेसे वाटते. दुसऱ्याच्या दारिद्र्याची आणि धोक्याची शोभा पाहून ज्याचे मन भरते, आणि ती शोभा ओसरली म्हणून जो खंत करतो, तो खाऊन-पिऊन गोंगाट करणाऱ्या पाहुण्यापेक्षा अधिक स्वार्थी आहे. गोंगाट करणारा निदान यजमानाला सुधारू नकोस असे तरी सांगत नाही.

गावातील स्त्रियांनी पाहुण्यांचा पैसा घेण्यास कमीपणा मानला नाही, हे मला आवडते. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून, हातात ‘खोल्या आहेत’ असे चार भाषांत लिहिलेली पाटी धरून घागरेवाल्या आजीबाई बसलेल्या दिसतात. पुळणीच्या एका टोकाला कारापाऊ नावाचे मासे मधोमध चिरून, उघडून, जाळीच्या चौकटींवर उन्हात वाळत घातलेले असतात. त्यांच्याजवळ बसलेली बाई मासा विकते, आणि छायाचित्र काढू पाहणाऱ्याकडे पाठ फिरवते किंवा आधी मासा घे म्हणते. आपल्या अर्नाळ्याच्या वलांडींवर बोंबील लटकताना पाहिलेल्या आमच्या मंडळींना तेथे घर आल्यासारखे वाटले. मात्र पाटी घेऊन बसलेली आजी ज्या घरात खोली देते त्याच घरात स्वतः राहते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पाहुण्याने रात्री दार आपटले तर ती जागी होते आणि सकाळी त्याला तसे सांगते. घर विकत घेऊन बारा महिने पाहुण्यांनाच भाड्याने देणारा दूरचा मालक कोणाला काही सांगत नाही, आणि शेजारची तरुण जोडपी घरभाडे परवडेना म्हणून गाव सोडतात. अशा घरांची संख्या पोर्तुगालमध्ये एवढी वाढली, की २०२३ साली तेथील सरकारला कायदा करून त्यांवर निर्बंध आणावे लागले. २०२४ मध्ये सरकार बदलल्यावर ते पुष्कळसे सैल झाले. आतिथ्यात यजमान घरी असावा लागतो. यजमानावाचून आतिथ्य उरत नाही, नुसती जागा उरते.

नाझारेचे नाव आज जगभर झाले ते मात्र मासळीमुळे नव्हे, लाटेमुळे. कड्याच्या उत्तरेस प्राया दो नोर्ते नावाची मोकळी पुळण आहे. तिच्यासमोर समुद्राच्या तळाशी एक प्रचंड घळ आहे. ती दोनशेहून अधिक किलोमीटर लांब आणि पाच हजार मीटरांपर्यंत खोल असून तिचे मुख किनाऱ्याला जवळजवळ भिडलेले आहे. अटलांटिकमधील वादळाने उठलेली लाट घळीवरील खोल पाण्यातून वेगाने येते. बाजूच्या उथळ तळावरून येणारी तीच लाट मंदावते आणि वळते. कड्यापाशी दोन्ही एकमेकींवर चढतात, किनाऱ्यावरून उलट फिरणारे पाणी त्यांत भर घालते, आणि पाण्याची भिंत उभी राहते. पिढ्यान्‌पिढ्या ह्या पुळणीला गाव भीत आले. २०१० मध्ये हवाईचा गॅरेट मॅक्नमारा तेथे फळी घेऊन आला, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये त्याने ७८ फुटांची लाट उतरून दाखविली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या सेबास्टियन स्टॉइटनरने उतरलेली लाट ८६ फूट मोजली गेली, आणि २०२२ मध्ये तिची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. ब्राझीलची माया गाबेरा २०१३ मध्ये तेथे बुडता बुडता वाचली आणि पुन्हा त्याच पाण्यात येऊन तिने स्त्रियांचा विक्रम केला. जानेवारी २०२३ मध्ये ब्राझीलचाच मार्सियो फ्रेइरे हा अनुभवी लाटस्वार तेथे मरण पावला.

हे धैर्य म्हणावे काय? संत थॉमस धैर्याचा सद्गुण एखाद्या सत्कारणासाठी मरणाला सामोरे जाण्यात पाहतात, आणि विक्रम हे तसे कारण आहे असे मला म्हणवत नाही. परंतु ह्या मंडळींना केवळ उनाड ठरविणेही अन्यायाचे होईल. वर्षानुवर्षे ते श्वास रोखण्याचा सराव करतात. एक जण फळीवर, दुसरा त्याला उचलून आणण्यासाठी पाण्यावरील मोटरसायकलवर, तिसरा कड्यावरून लाटांचा अंदाज सांगणारा, अशी त्यांची बांधणी असते. पाण्यात पडलेल्या सोबत्यासाठी दुसरा ज्या वेगाने फेसात शिरतो, त्याला मी धैर्यच म्हणेन. आमच्या कोळी बांधवांनाही त्याची ओळख पटेल.

अधिक अवघड प्रश्न वर कड्यावर उभ्या असणाऱ्यांचा आहे. हिवाळ्यात मोठी लाट येणार अशी वार्ता पसरली की हजारो माणसे संत मिखाएलच्या जुन्या किल्ल्याजवळ, दीपगृहाभोवती जमतात. त्यात गावचेही असतात. ज्या लाटेने घरातले माणूस नेले, ती पाहावयास आज नातवाला खांद्यावर बसवून आजोबा उभे राहतात आणि नातू टाळ्या वाजवितो. ह्यात काही गैर आहे काय? मी पुष्कळ विचार केला आणि माझे मत असे झाले, की गावकऱ्याला हा हक्क आहे. त्याने किंमत मोजली आहे. एकेकाळी हिवाळा म्हणजे होड्या बांधून ठेवण्याचे आणि उधारीवर जगण्याचे दिवस असत. आज त्याच महिन्यांत खाणावळी चालतात, मुलांना काम मिळते. समुद्राने जे नेले त्याचा काही अंश तो परत देत असेल तर गावाने का घेऊ नये? पाहुण्याची गोष्ट मात्र निराळी. तो कड्यावर उभा राहून कोणी पडण्याची वाट पाहत असेल, तर तो तिकिटावाचून एक जुना रोमन खेळ पाहत आहे. आणि ज्या गावाची पोटची माणसे त्या पाण्यात आहेत, ते त्याला कळलेच नाही, तर त्याने नाझारे पाहिले नाही, फक्त लाट पाहिली. ती तर घरबसल्या दूरचित्रवाणीवरही दिसते.

आता घरी येऊ. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती, एवढ्याच कारणाने मी नाझारेचा विषय काढलेला नाही. त्या मातेचा उत्सव ८ सप्टेंबरला, मारियेच्या जन्मदिनी असतो. त्याच दिवशी आपण मोतमाऊलीचा सण करतो आणि नवीन हंगामाच्या होड्या तिच्या पदरी घालतो. समुद्राला भिणाऱ्या माणसांची भक्ती सर्वत्र सारखीच. सारखेपणा येथे संपत नाही. वांद्र्यापासून उत्तनपर्यंत आणि पुढे नायगाव, वसई, राजोडी, कळंब, अर्नाळा ह्या साऱ्या किनाऱ्यावर रविवारी मुंबईची गर्दी लोटते. आम्ही ह्या पाहुण्यांविषयी तक्रारी करतो: बाटल्या फोडतात, वाळूत गाड्या घालतात, प्रार्थनेच्या वेळी कर्णे लावतात, सांगूनही भरतीच्या पाण्यात उतरतात आणि मग त्यांना काढण्यासाठी आमच्याच पोरांना जीव धोक्यात घालावा लागतो. तक्रारी खऱ्या आहेत. आणि तेच आम्ही मे महिन्यात गोव्याला किंवा मालवणला जातो, तेव्हा तेथील पुळणीला कोणाचे अंगण मानतो? मालवणच्या कोळणीशी घासाघीस करून पन्नास रुपये वाचविल्याची गोष्ट परत आल्यावर फुशारकीने सांगितली जाते. तीच बाई आपल्या अर्नाळ्याच्या बाजारात बसली असती तर आपली मावशी असती.

अशा वेळी खर्च किती केला हा हिशेब कुटुंबाने जरूर मांडावा, पण त्याबरोबर इतर दोन-चार गोष्टी विचाराव्यात. खोली देणारा मनुष्य त्या गावात राहतो काय? जेवण रांधणाऱ्याला आपण एकदा तरी नावाने विचारले काय? मासळीच्या बंदीच्या महिन्यांत ताजा पापलेट मिळालाच पाहिजे म्हणून आपण हट्ट धरतो काय? आणि मुलांना तेथील समुद्राविषयी त्या गावच्या कोणा माणसाच्या तोंडून काही ऐकावयास मिळाले काय? ह्यासाठी पैसा लागत नाही, वेळ लागतो, आणि सुट्टीत तोच तर आपल्यापाशी असतो.

आमच्या किनाऱ्यापुढे ह्याहून कठीण प्रश्न उभा आहे. किनारा नियमन क्षेत्राचे पहिले नियम १९९१ साली आले, नंतर २०११ मध्ये बदलले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामाला मनाई असलेला पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरांऐवजी ५० मीटर केला, आणि पाहुण्यांसाठी पुळणीवर तात्पुरत्या सोयी उभारण्यास वाव दिला. कोळीवाड्याच्या समोरची जी वाळू आज मासळी सुकविण्यासाठी आणि जाळी विणण्यासाठी वापरली जाते, तिचा सातबारा बहुधा कोळ्यांच्या नावावर नसतो, वहिवाट असते. तेथे गाड्या उभ्या करण्याची सोय केली तर खोल्या भाड्याने देणाऱ्यांचा व्यवसाय वाढेल. ती खोल्या देणारी कुटुंबेही परकी नाहीत. त्यांतील कोणाची होडी कर्जात गेली, कोणाच्या मुलाने समुद्रावर जाण्यास नकार दिला, कोणी विधवा आहे. त्यांना हा मार्ग सोडून द्या असे सांगण्याचा मला अधिकार नाही; नाझारेच्या पाटीवाल्या आजीबाईंना मी चांगले म्हणतो आणि आपल्या गावच्या भगिनीला वाईट म्हणू, हे जमणार नाही. दुसरीकडे वलांडी उठल्या तर ऑक्टोबरपासून बोंबील कोठे सुकणार, हेही कोणी सांगत नाही.

दोन्ही घरची माणसे रविवारी मिस्साला एकाच बाकावर बसतात आणि शांतीच्या खुणेच्या वेळी एकमेकांना हात जोडतात. गेल्या वर्षभरात त्यांच्यातील बोलणे कमी झाले आहे, असे मला दिसते. ग्रामसभेत विषय येईल तेव्हा दोघांनीही यावे, आणि खोल्या देणाऱ्यांनी पाहुण्यांच्या वतीने बोलण्यापूर्वी वाळूवर एक सकाळ बोंबील लावणाऱ्या बायकांबरोबर घालवावी, असे मी त्यांना सुचविले आहे. बायका पहाटे पाचला येतात.